राखणीच्या कुत्र्याला वजडी-कलेजी: किती द्यावी, कशी द्यावी आणि कच्ची का देऊ नये

बोकड किंवा मेंढा कापला की जिवंत वजनाच्या जेमतेम निम्मं मटण हाती येतं. बाकी कातडं, मुंडी, पाय, रक्त आणि पोटातला सगळा ऐवज. त्यातल्या कलेजीला गिऱ्हाईक असतं, वजडीला ठरावीक घरांतून मागणी असते, पण फेफडा आणि तिल्ली दुकानात बरेचदा पडून राहतात. शेतावर, गोठ्यावर किंवा मेंढ्यांच्या कळपाबरोबर राहणाऱ्या कुत्र्यासाठी हा स्वस्तातला चांगला आहार आहे. भाकरी आणि ताकावर वाढणाऱ्या कुत्र्याला तर याची गरजच असते, कारण त्या जेवणात पोट भरलं तरी प्रथिनं आणि चरबी कमीच पडतात.

प्रश्न येतो तो कच्चं की शिजवलेलं यावर, आणि वाद नेहमी कुत्र्याच्या पोटाभोवती फिरतो. ‘लांडगे कच्चंच खातात’, ‘आमच्या कुत्र्याला कधी काही झालं नाही’ वगैरे. झालं नसेल, हे खरंच. या सगळ्या प्रकारात कुत्र्याच्या तब्येतीला धोका सगळ्यात कमी असतो. धोका असतो तो त्याच्या अंगावरून हात फिरवणाऱ्या माणसाला आणि तो ज्यांची राखण करतो त्या मेंढ्यांना. त्याचं कारण पुढे येईलच. आधी या मालात नेमकं आहे काय, ते पाहू.

वजडीत काय असतं, काय नसतं

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे. सगळ्यात मोठं कोटीपोट, आतून दाट लव असलेलं. त्याला लागून जाळीदार पोट. मग पडद्यांचं पोट, ज्याच्या पापुद्र्यांमध्ये चारा अडकून बसतो आणि जे धुताना जीव नकोसा होतो. शेवटचं चौथं पोट, आपल्या जठरासारखं, गुळगुळीत वळ्यांचं. परदेशात कुत्र्यांसाठी जी ‘हिरवी’ वजडी विकतात ती म्हणजे चारा झटकून टाकलेली, पण गरम पाण्यात न टाकलेली आणि ब्लीच न केलेली. आपल्याकडे माणसांसाठी वजडी गरम पाण्यात बुडवून, चुना लावून, खरवडून पांढरी करतात. कुत्र्यासाठी घेताना ‘चुना लावू नका, नुसती उलटी करून द्या’ असं आधीच सांगून ठेवावं. चुना नीट निघाला नाही तर तोंड आणि पोट दोन्ही पोळतं, आणि एवढी पांढरी करून कुत्र्याला त्याचा काही फायदाही नसतो.

हिरव्या वजडीबद्दल दोन दावे वरचेवर ऐकू येतात. पहिला, तिच्यातले पाचक रस कुत्र्याचं अन्न पचवतात. पाचक रस हीसुद्धा प्रथिनंच. कुत्र्याच्या जठरातल्या आम्लात त्यांतली बहुतेक मोडतात, आणि निरोगी कुत्र्याला स्वतःचे पुरेसे असतात. दुसरा दावा, तिच्यातले उपयोगी जिवाणू. कोटीपोटातले बहुतेक जिवाणू हवेत टिकणारे नाहीत. कापून, झटकून, गोठवून झाल्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवायचं कारण उरत नाही. वजडीचा खरा गुण साधा आहे: मऊ, सहज पचणारं प्रथिन आणि कुत्र्याला वेड लावणारा वास. आजारातून उठलेला, तोंड फिरवणारा कुत्राही वजडीला नाही म्हणत नाही.

तिसरा दावा, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण वजडीत एकास एक, म्हणजे अगदी आदर्श. प्रमाण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. धुतलेल्या 100 ग्रॅम वजडीत साधारण 84 टक्के पाणी, 12 ग्रॅम प्रथिनं, 4 ग्रॅमपेक्षा कमी चरबी आणि फक्त 85 कॅलरी. कॅल्शियम सुमारे 69 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 64. आता 25 किलोच्या, मध्यम काम करणाऱ्या कुत्र्याचं गणित मांडा. त्याला रोज 1,400 कॅलरी लागतात असं धरलं, तर नुसत्या वजडीवर त्याला 1,650 ग्रॅम खावं लागेल. एवढं खाऊनही कॅल्शियम मिळेल सव्वा ग्रॅमच्या आत, आणि गरज किमान पावणेदोन ग्रॅमची. फॉस्फरसही कमीच. दोन्ही समप्रमाणात कमी पडणं याला समतोल म्हणत नाहीत. वाढीच्या पिल्लाला महिनोन्महिने नुसती वजडी आणि मांस दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, पाय वाकतात, साध्या उडीतही हाड मोडतं.

बाकीचे अवयव

कलेजी म्हणजे जीवनसत्त्व अ आणि तांबं यांचा साठा. मेंढीच्या 100 ग्रॅम कलेजीत जीवनसत्त्व अ सुमारे 24,000 एककं भरतं, तर 1,400 कॅलरी खाणाऱ्या कुत्र्याची किमान गरज दोन हजारांच्याही खाली आहे. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. म्हणून कलेजी रोजच्या अन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावी: 25 किलोच्या कुत्र्याला 40 ग्रॅमच्या आसपास. खाटकाने आज अर्धा किलो दिली म्हणून आजच अर्धा किलो घालू नये, तुकडे करून गोठवावी.

तिल्ली आणि गुर्दा मिळून तेवढेच, 40 ग्रॅम. तिल्लीत लोह भरपूर असतं. जास्त झाली की दुसऱ्या दिवशी शी काळी आणि चिकट. दिल हा नावाला अवयव, प्रत्यक्षात तो स्नायू आहे, त्यामुळे मांसासारखा हवा तेवढा चालतो. फेफडा हलका, कमी कॅलरीचा, पोट भरायला ठीक.

नरड्याबाबत मात्र सावध राहा. श्वासनलिकेला चिकटून थायरॉइडच्या गाठी असतात आणि खाटीक नरडं काढताना त्या बरेचदा तशाच राहतात. रोज असं नरडं खाणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं सापडलं आहे: वजन घटतं, कुत्रा अस्वस्थ राहतो, धापा टाकतो, सारखं पाणी पितो. नरडं बंद केलं की काही आठवड्यांत पातळी खाली येते. संप्रेरक शिजवूनही पुरतं नष्ट होत नाही, त्यामुळे इथे उकळण्याचा उपाय चालत नाही. घशाच्या वरच्या टोकाशी, नळीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तपकिरी-लाल गाठी कापून टाकायच्या, नाहीतर नरडं द्यायचंच नाही.

कच्चं का नको

कुत्र्याच्या लहान आतड्यात एक पट्टकृमी राहतो, एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. लांबी जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर, तीन-चार खंड. कुत्र्याच्या पोटात तो हजारोंनी असला तरी कुत्रा खातो, पितो, पळतो, अंगावर तेज असतं. मालकाला शंका यायचं काही कारणच नसतं. या कृमीची अंडी शीतून बाहेर पडतात. गवतावर, पाणवठ्यावर, कुत्र्याच्या केसांना आणि तोंडाला लागतात. मेंढी चरताना ती गिळते. अंड्यातून निघालेली अळी आतडं भेदून रक्तात शिरते आणि यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसते. तिथे पाण्याने भरलेली गाठ तयार होते, तीच हायडॅटिड सिस्ट. त्या गाठीत कृमीची असंख्य मुंडकी असतात. मेंढी कापली, गाठ असलेला फेफडा कुत्र्याला टाकला, की एकेका मुंडक्याचा एकेक कृमी होतो आणि चक्र पुन्हा सुरू.

माणूस या चक्रात मेंढीच्या जागी येतो. कुत्र्याला कुरवाळून न धुतलेल्या हाताने भाकरी खाल्ली, बांधावरची कोथिंबीर तशीच तोंडात टाकली, एवढं पुरतं. माणसात गाठ बहुधा यकृतात, नाहीतर फुप्फुसात होते. सावकाश, वर्षानुवर्षं वाढते आणि कळते तेव्हा लिंबापासून नारळाएवढी काहीही असू शकते. औषधाचा लांबलचक कोर्स, सुईने पाणी काढणं किंवा ऑपरेशन असे उपचार आहेत. गाठ पोटात फुटली तर तीव्र ॲलर्जीचा झटका येऊन जीव जाऊ शकतो. लक्षात घ्या, माणसाला हे मटण किंवा कलेजी खाऊन होत नाही. ते कुत्र्याच्या शीतूनच येतं. म्हणून दोष मटणाला नाही, कुत्र्यापुढे टाकलेल्या कच्च्या तुकड्याला आहे.

हे चक्र तोडता येतं, याचे दाखले आहेत. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घराघरात होता. लोकशिक्षण, कुत्र्यांना कृमीचं औषध आणि कापलेल्या जनावरांचे अवयव कुत्र्यांपासून दूर ठेवण्याचा कायदा यांवर तो देश त्यातून सुटला. न्यूझीलंडने 1959 मध्ये खास कायदा केला, मेंढपाळी कुत्र्यांना नियमित औषध सुरू केलं आणि कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणली. 2002 मध्ये त्यांनी देश या रोगातून तात्पुरता मुक्त झाल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे मेंढ्या राहिल्या, कुत्री राहिली, फक्त मधला घास काढून घेतला. आपल्याकडे जत्रेत, शेतावरच्या जेवणात, वाड्यावर बोकड पडतो तेव्हा फेफडा आणि आतडी भोवती जमलेल्या कुत्र्यांनाच जातात, आणि नेमकी तीच कुत्री उद्या कळपाबरोबर चालणार असतात.

मेंढपाळांनी आणखी एक चक्र ओळखून ठेवावं. मेंढी कळपातून मागे पडते, मान एका बाजूला धरून गोल गोल फिरते, दगडाला धडकते. तिच्या मेंदूत दुसऱ्या एका पट्टकृमीची गाठ असते. ही मेंढी कापून कच्ची मुंडी कुत्र्याला दिली की तो कृमी कुत्र्यात वाढतो आणि पुढच्या मोसमात आणखी मेंढ्या फिरू लागतात. मुंडी उकळूनच द्यायची, किंवा पुरायची.

पाहून कळतं का?

थोडंफार. हायडॅटिडची गाठ कलेजीत किंवा फेफड्यात रुतलेली असते: पांढरट, जाड पापुद्र्याची, तणलेली, दाबली तर घट्ट. तिला सुरी लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, चिळकांडी उडते. पोटावरच्या चरबीच्या चादरीला किंवा आतड्याच्या पडद्याला लोंबणारी पातळ, ढिली पाण्याची पिशवी दिसली आणि आत एकच पांढरा ठिपका असला, तर ती वेगळ्या पट्टकृमीची. तीही कुत्र्याला नको.

काही गोष्टी मात्र दिसायला घाणेरड्या, पण कुत्र्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात. पाणथळ भागात चरलेल्या जनावराच्या कोटीपोटाला आतून गुलाबी-लाल, 5 ते 10 मिलिमीटरचे जाडसर दाणे चिकटलेले दिसतात. ते चपट्या कृमींच्या जातीचे. कुत्र्यात रुजत नाहीत. चौथ्या पोटात केसाएवढे लालसर जंत दिसले तर तेही शेळी-मेंढीचेच. खरवडून टाका आणि पुढे चला.

खरी अडचण लहान गाठींची. वाटाण्याएवढी गाठ कलेजीच्या आत खोल असली तर बाहेरून कलेजी एकदम ताजी, चकचकीत दिसते. त्यामुळे ‘बघून दिली’ याला अर्थ नाही. नियम सरसकट लावायचा.

गोठवणं आणि उकळणं

न्यूझीलंडच्या मेंढपाळांना जो नियम आहे तोच इथे वापरावा: उणे 10 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड, किमान 10 दिवस. नाहीतर सर्वांत जाड भागातही 72 अंश तापमान येईल असं शिजवणं. घरचा डीप फ्रीझर उणे 18 ला चालतो, तो पुरतो. एक दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका; दार उघडझाप झाली की तापमान वर जातं. थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करा.

पाच किलोचा गोळा पिशवीत कोंबून ठेवला तर त्याचा गाभा गोठायलाच दोन दिवस जाऊ शकतात. अर्ध्या किलोची चपटी पाकिटं करा, तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. पाकिटावर तारीख लिहा आणि दहा दिवस त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा. मध्ये रात्रभर लाइट गेली आणि पाकीट मऊ पडलं, तर मोजणी पुन्हा एकपासून.

गोठवल्याने पट्टकृमींच्या गाठी मरतात, पण साल्मोनेला आणि ई. कोलायसारखे जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. वजडी म्हणजे जिवाणूंचं माहेरघर. निरोगी मोठा कुत्रा ते सहसा पचवतो, पण शीतून आणि लाळेतून बाहेर टाकत राहतो. घरात रांगतं मूल, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर गोठवलेलंही कच्चं देऊ नये. उकळावं.

उकळताना सगळे तुकडे तीन सेंटिमीटरच्या आतले करा. उकळी फुटल्यावर 30 मिनिटं. फेफडा अख्खा टाकला तर आतल्या हवेने तरंगतो आणि वरची बाजू कच्चीच राहते, म्हणून तो आधी चिरायचा आणि वर जड ताटली ठेवायची. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 मिनिटं. वेगळा कुकर, वेगळी सुरी, वेगळी पाटी. उकळलेलं पाणी फेकू नका, ब जीवनसत्त्वं त्यातच उतरलेली असतात. भाकरी त्यातच कुस्करा. हाडं मात्र आधी काढा, शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात घुसतं.

वजडी साफ करताना जाळीदार पोटात हात घालून चाचपा. जनावराने गिळलेला खिळा, तार, सुई तिथेच अडकते, आणि शहरालगत चरलेल्या शेळीच्या कोटीपोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघणं काही नवलाचं नाही. चारा झटका, साध्या पाण्याने एकदा विसळा, बस. झटकलेला चारा खतावर टाकण्याआधी कुत्र्याला त्यात तोंड घालू देऊ नका. आणि उन्हाळ्यात कापल्यापासून दोन तासांच्या आत माल थंडीत किंवा आचेवर गेला पाहिजे.

रोजचं ताट

25 किलोचा, शेताची राखण करणारा मोठा कुत्रा धरू. वजडी 500 ग्रॅम, दिल किंवा मांसाची छाट 300, कलेजी 40, तिल्ली-गुर्दा 40, चरबी 25, आणि 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या. सगळं मिळून 1,400 च्या थोड्या वर कॅलरी. यात कॅल्शियम कमी पडतं ते भरायला अंड्याच्या कवचाची बारीक पूड एक सपाट चहाचा चमचा. कवच उकळून, वाळवून, मिक्सरमधून काढलेलं. चिमूटभर आयोडीनचं मीठ. आठवड्यातून दोनदा शिजवलेली तारली, कारण माशातली चरबी या मालात नाही. वजनं कच्च्या मालाची आहेत.

कळपाबरोबर दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याला 1,600 ते 2,000 कॅलरी लागतात. तेव्हा वजडी वाढवून उपयोग नाही, पोट भरतं पण ताकद येत नाही. चरबी आणि भाकरी वाढवा, तीही आठवडाभरात हळूहळू; एकदम 100 ग्रॅम चरबी घातली तर उलट्या, आणि वाईट झालं तर स्वादुपिंडाला सूज. महिन्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवा: हलक्या दाबाने लागल्या तर ठीक, डोळ्यांना दिसल्या तर वाढवा, शोधाव्या लागल्या तर कमी करा. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला हे ताट जसंच्या तसं चालणार नाही, त्यांचं कॅल्शियमचं गणित वेगळं असतं. पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

नवीन सुरुवात 50 ग्रॅमने, आठ-दहा दिवसांत पूर्ण. मुख्य जेवण काम संपल्यावर, संध्याकाळी. जेवण आणि पळापळ यांत दोन तास तरी अंतर हवं. कारवानी, पश्मी यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावल्यावर पोटाला पीळ पडायचा धोका असतो, आणि तो पडला तर हातात काही तासच असतात.

काय मुळीच द्यायचं नाही

आपोआप मेलेल्या जनावराचं काहीही. विशेषतः जे अचानक मेलं आणि नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त येतंय, ते फाडायचंसुद्धा नाही. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. पशुवैद्यकाला कळवा आणि कुत्री बांधा. गाभडलेल्या जनावराचा गर्भ आणि वार खोल पुरायची: ब्रुसेलोसिस त्यातून कुत्र्याला आणि माणसाला होतो, आणि गर्भपात घडवणारा निओस्पोरा कुत्र्याच्या पोटातून पुन्हा गोठ्यात येतो. उपचार चालू असताना मेलेलं जनावरही नको, औषधं त्याच्या अंगात असतात.

औषध

पट्टकृमीवर चालतं ते प्राझिक्वांटेल, किलोमागे 5 मिलिग्रॅम. बाजारातल्या बहुतेक मिश्र गोळ्यांत 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 10 किलोला एक, 25 किलोला अडीच. गोळीच्या पाकिटावर वाचून खात्री करा, कारण नुसत्या पायरँटेलच्या औषधाने गोल जंत पडतात, पट्टकृमी जागचा हलत नाही. मेंढ्यांजवळच्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी. हा हिशोब कृमीवरूनच आला आहे: गिळल्यापासून अंडी पडू लागायला त्याला साधारण सहा ते सात आठवडे लागतात. गोळी कृमी मारते, अंडी मारत नाही. म्हणून गोळी दिल्यावर 48 तास कुत्रा बांधून ठेवा, शी गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, आणि नंतर हात साबणाने धुवा.

आणि काल जत्रेत कुत्र्याने कच्चा फेफडा पळवलाच असेल, तर त्याला ओकवायला धावू नका. अंडी पडायला अजून वेळ आहे. आजची तारीख लिहून ठेवा, या आठवड्यात एक डोस द्या आणि सहावा आठवडा संपण्याआधी दुसरा.